निवडुंग एक नाही: कुंड्या का कुजतात आणि कोणता रस मुलाला देऊ नये

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुम्ही पुण्यात सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर राहता, बाल्कनी पूर्वेची. दोन वर्षांत अकरा कॅक्टस आणि सक्युलंट (पाणी साठवणारी, जाड पाना-खोडाची झाडं) आणली, त्यातली नऊ पावसाळ्यात बुडाशी मऊ पडून गेली, आणि पाणी तर तुम्ही आठवड्यातून एकदाच घालत होतात. सासूबाईंना काटेरी झाड घरात नको आहे. शेवटी जाता जाता विचारलंय, की आजी निवडुंगाचं पान भाजून रस खोकल्यावर द्यायची, तर बाल्कनीतल्या उंच कॅक्टसचा रस तीन वर्षांच्या मुलाला दिला तर चालेल का.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. देऊ नका, थेंबभरसुद्धा नको. तुम्ही टाकलेल्या फोटोतलं ते तीन धारांचं, धारेवर बारीक पानं असलेलं झाड कॅक्टस नाहीच. ती युफोर्बिया ट्रायगोना आहे, मूळची आफ्रिकेची. नर्सरीत तिला सर्रास कॅक्टस म्हणून विकतात. तिच्या अंगात पांढरा चीक असतो. तो त्वचेला लागला तर फोड येतात, पोटात गेला तर तोंड-घसा सोलवटतो, उलट्या-जुलाब होतात. मुलाचा खोकला लांबला असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमचे दोन्ही प्रश्न, झाडं का मरतात हा आणि रसाचा, एकाच जागी अडले आहेत असं मला वाटतं. आपण फार वेगवेगळ्या झाडांना एकाच नावाने हाक मारतो. आजीच्या तोंडी जो ‘निवडुंग’ होता तो एक, तुमच्या बाल्कनीतला दुसरा, नर्सरीवाल्याचा तिसरा. झाड कोणतं आणि कुठून आलेलं हे कळलं की पाणी किती घालायचं तेही कळतं आणि औषधाला हात लावायचा की नाही तेही. म्हणून आधी ओळख.

कॅक्टस हे कुळ जवळपास सगळंच्या सगळं अमेरिका खंडांतलं. त्याची खूण म्हणजे काटे जिथून निघतात तिथे कापसाच्या ठिपक्यासारखी एक बारीक गादी असते. काटे, फुलं, नवी पिल्लं, सगळं त्या गादीतूनच येतं. युफोर्बियाला अशी गादी नसते. तिचे काटे बहुधा जोडीने, थेट धारेतून निघालेले दिसतात, आणि ती कुठेही दुखावली की पांढरा चीक येतो. ओळखण्यासाठी मुद्दाम कापून मात्र बघू नका, भिंगातून गादी शोधा. आजी ज्याचं पान भाजायची, तोही कॅक्टस नसणार, कारण कॅक्टसला भाजण्यासारखी पानंच सहसा नसतात. ती बहुतेक साबर, म्हणजे वई निवडुंग. जाड, लांबट पानांचा, सह्याद्रीच्या गडांवर कातळात उगवलेला दिसतो तो. आयुर्वेदात त्याला स्नुही म्हणतात. त्याचं पान निखाऱ्यावर शेकून रस खोकल्याला देणं, कान दुखला तर कोमट थेंब घालणं हे आपल्याकडच्या खेड्यांत खरंच होत आलं आहे. पण हेच झाड आयुर्वेदात तीव्र रेचक म्हणून गणलेलं आहे. आजीच्या हाताला त्याची मात्रा आणि तयारी ठाऊक होती, तिच्याही आजीकडून आलेली. आपल्याकडे त्या माहितीतलं फक्त नाव उरलं आहे, आणि ते नाव आता दुसऱ्याच झाडाला चिकटलं आहे. भीती वाटते ती याचीच.

भीती वाटते म्हणते, कारण मी स्वतः भोगलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी गावाकडच्या शेराच्या कुंपणाची छाटणी करत होते. हातमोजे होते, चष्मा नव्हता. कपाळावरचा घाम मोज्यानेच पुसला आणि चीक डोळ्यात गेला. सुरुवातीला नुसतं चुरचुरलं, तासाभराने डोळा उघडेना. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन औषधं घेतली, तरी चार दिवस उजेड सहन होत नव्हता. शेर, साबर, त्रिधारी, सगळ्या युफोर्बियांना हे लागू आहे. चीक डोळ्यात गेलाच तर नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, उद्यावर टाकू नका.

याचा अर्थ या झाडांचे जुने उपयोग खोटे, असं मी म्हणत नाही. भगंदरासाठी वैद्य जे क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, वापरतात त्याचा पायाच साबराचा चीक आहे. दोऱ्यावर एकवीस पुटं चढवतात: अकरा नुसत्या चिकाची, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराची, तीन चीक आणि हळदीची. प्रत्येक पूट वाळल्यावर पुढचं. एवढा जपून वापरायचा पदार्थ आहे तो, आणि तोही शल्यचिकित्सा शिकलेल्या वैद्याच्या हातात.

फड्या निवडुंगाची गोष्ट वेगळी. तो खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला, पण आपल्या दख्खनच्या माळावर असा रुळला की आपलाच वाटतो. लाल बोंडं मातीत घोळून, कुसळं झाडून खाल्लेली आणि दिवसभर जीभ जांभळी-लाल घेऊन फिरलेली माणसं तुमच्या सासूबाईंच्या पिढीत भेटतील, विचारून बघा. डांग्या खोकल्याला या बोंडांचा रस द्यायचे, म्हणजे खोकल्याचा ‘निवडुंग’ म्हणून दोन अगदी भिन्न झाडं आपल्याकडे चालत होती! दुष्काळात याचेच फडे काटे जाळून गुरांना घालत. आज बिनकाट्याच्या जातीचा चारा म्हणून अभ्यास होतो. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने त्यावर काम केलेलं आहे. या झाडाचा इतिहासही नवलाचा आहे. १७९५ साली लाल रंग मिळवायला कोचिनीलचे किडे बंगालमध्ये आणले, ते नेमके चुकीच्या जातीचे निघाले. रंग हलक्या दर्जाचा मिळाला, पण त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात झपाट्याने खाऊन टाकली. पुढे १९२०च्या दशकात माजलेला निवडुंग हटवायला दक्षिणेत मुद्दाम किडे सोडले ते याच अनुभवावरून. फड्यावर पांढरा कापूस दिसला आणि बोटाने चिरडल्यावर लालभडक रंग आला, तर तो हाच किडा.

घरात ठेवावी आणि वापरावी अशी यातली एकच, कोरफड. तिच्यातही दोन वेगळे पदार्थ आहेत. सालीखालचा पिवळा कडू चीक आणि आतला पारदर्शक गर. पिवळा चीक आटवला की काळा बोळ होतो, तो जोरकस रेचक आहे. म्हणून पान कापल्यावर अर्धा तास वाटीत उभं ठेवायचं, पिवळं निथळू द्यायचं, साल जाड काढायची, गर धुऊन घ्यायचा. भाजल्यावर, उन्हाने रापल्यावर वरून लावायला मी तो बिनदिक्कत वापरते. पोटात घ्यायचा तर वैद्यांना विचारून. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी नाहीच.

आता कुंड्या. तुमच्या सोसायटीत किंवा खालच्या दुकानात दारावर उलटी टांगलेली कोरफड असेल. मुळासकट उपटून, दोऱ्याने बांधून, दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ती. ती महिनोन् महिने माती नाही, पाणी नाही अशी जगते, कधी तर शेंडा वर वळवून नवं पान काढते. तिच्याकडे नीट बघा. या जातीच्या झाडाला तहान मारत नाही. त्याला मारतं ते मुळांशी अडकलेलं पाणी. ओल्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात, मेलेल्या मुळावर बुरशी चढते आणि तिथून खोडात. वरून झाड टवटवीत दिसत असतं, कारण पोटात साठा असतो. आपल्याला मऊ लागतं तेव्हा आतलं सगळं संपलेलं असतं.

‘पण मी आठवड्यातून एकदाच पाणी घालते’ हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. एप्रिलमध्ये पुण्यात चार इंची कुंडी तीन दिवसांत खडखडीत होते. जुलैत तीच कुंडी पंधरा दिवसांत वाळत नाही. मग आठवड्याने घातलेलं पाणी ओल्यावर ओल असतं. तुमची बाल्कनी पूर्वेची, आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पाऊस तुमच्या कुंड्यांवर फारसा पडतही नसावा. पाऊस न पडता झाडं कुजली, म्हणजे दोष दमट हवेचा, न आलेल्या उन्हाचा आणि बहुतेक मातीचा. अजून एक कारण आहे. ही झाडं दिवसा श्वासरंध्रं मिटून घेतात आणि रात्री थंडाव्यात उघडतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून. एचेव्हेरियासारख्या मेक्सिकोच्या डोंगरांतल्या झाडांना गार, कोरड्या रात्री लागतात. आपल्या जुलैच्या कोंदट रात्रीत त्यांचं काम मंदावतं, पाणी ओढायची गरजच उरत नाही.

मातीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नऊपैकी निदान सहा तरी तिच्यामुळे गेली असावीत असा माझा अंदाज आहे. सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांमधून येणारी छोटी रोपं बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. शेडनेटखाली, फवाऱ्याखाली, हजारो रोपं भराभर वाढवायची तर कोकोपीट हलकं आणि सोयीचं. आपल्या बाल्कनीत मात्र ते आतून ओलं राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी पितच नाही, कडेने सांडून जातं. रोप आणल्यावर आठवडाभर तसंच ठेवा, मग काढून मुळांभोवतीचा कोकोपीटचा गड्डा बोटांनी हळूच मोकळा करा. आत जाळीची टोपली किंवा स्पंज निघाला तर तोही काढा.

मी वापरते तो आपला मुरूम. बांधकामाच्या जागी, रस्त्याच्या कामावर मिळतो तो तांबूस, भुसभुशीत दगडचुरा. गव्हाच्या चाळणीने चाळायचा, खाली पडेल ती भुकटी फेकायची, वर राहतील ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे धुऊन घ्यायचे. असे खडे तीन भाग, विटांचा चुरा एक भाग, पूर्ण मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि मूठभर निंबोळी पेंड. काळी माती चिमूटभरही नको. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर खडे वाढवा. पाणी घातल्यावर दहा-पंधरा सेकंदांत खालून निघायला हवं. कुंडी मातीची, मुळांपेक्षा इंचभरच मोठी. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाका. मुरूम मिळवणं तुम्हाला शक्य नसेल तर धुतलेली बारीक खडी चालते, पर्लाइटही चालतं, फक्त ते हलकं असल्याने उंच झाड वाऱ्याने कलतं.

पाणी कधी? वाराचा हिशेब सोडा. उदबत्तीची रिकामी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा मातीचा कण चिकटला तर पाणी नाही. पूर्ण कोरडी निघाली की खालून वाहीपर्यंत भरपूर द्या. कपभर शिंपडून भागवू नका, त्याने खालची मुळं वाळतात आणि वरची कुजतात.

माझ्या धनकवडीच्या गच्चीवर वर्ष साधारण असं जातं. मे अखेरीस वळीव यायच्या आत कुंड्या छपराखाली घेते, कारण दुपारी तापलेल्या कुंडीत वळवाचं पाणी साचून परत ऊन पडलं की मुळं शिजल्यासारखी होतात. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं, एका आठवड्यात चाळीसेक रोपं गेली. त्यांत बियांपासून वाढवलेली सहा वर्षांची अ‍ॅस्ट्रोफायटम कॅक्टस होती, त्यांची हळहळ अजून आहे. जून ते सप्टेंबर हात आवरते. पान सुरकुतलं, काडी कोरडी निघाली आणि सकाळी उघडीप असली तरच पाणी, महिन्यातून एखाद-दोनदा. तुमची बाल्कनी बंद असेल तर या दिवसांत छोटा पंखा दोन-तीन तास लावला तर खतापेक्षा जास्त उपयोग होतो. दसऱ्यापासून ऑक्टोबरच्या उन्हात झाडं जागी होतात. कुंडी बदलणं, पिल्लं वेगळी करणं, खत, सगळं तेव्हा. हिवाळा म्हणजे पुण्याने या छंदाला दिलेलं वरदान आहे. रात्री दहा-बारा अंशांवर जातात, दिवसा लख्ख ऊन असतं, आणि एचेव्हेरियाच्या कडा अशा गुलाबी होतात की मुंबईची माणसं बघत राहतात. वाळवंटी कॅक्टसना डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ कोरडं ठेवते, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मॅमिलेरियाला फुलांचं कडं येतं. एप्रिल-मेमध्ये मात्र कॅक्टसना लोक समजतात त्यापेक्षा जास्त पाणी लागतं, संध्याकाळी द्यायचं. त्या दिवसांत हॉवर्थिया आणि एचेव्हेरिया अर्धवट झोपेत असतात, त्यांना सावली आणि थोडंच पाणी.

तुमच्याकडे ऊन किती येतं यावर बरंच अवलंबून आहे आणि ते मला फोटोवरून सांगता येत नाही. समोर इमारत आहे का, कठड्यावर जाळी आहे का, बाल्कनी काचेने बंद केली आहे का, सगळ्याने फरक पडतो. सकाळी तीन तास थेट ऊन मिळत असेल तर हॉवर्थिया, गॅस्टेरिया, जिम्नोकॅलिशियम, नर्सरीत जेड म्हणून मिळणारं पोर्टुलाकेरिया आणि कोरफड निश्चिंत जगतील. एचेव्हेरिया आणि लिथॉप्स सध्या आणू नका; लिथॉप्स माझ्याकडेही पावसाळा सहज काढत नाही. लाल-पिवळी टोपी असलेला तो कलमी मून कॅक्टसही नको. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या ड्रॅगन फ्रूटच्या बुंध्याच्या जिवावर जगतो, आणि दोघांचा वेग जुळत नसल्याने जोडी फार वर्षं टिकत नाही.

शेजारी कुणाकडे ब्रह्मकमळ असेल तर एक पान मागून घ्या. आपण पुण्यात ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, पावसाळ्यात मध्यरात्री उमलून घमघमणारं, ते हिमालयातलं नाही. तो मध्य अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर वाढणारा कॅक्टस आहे. त्याला सावली हवी, पालापाचोळ्याची माती हवी, पावसाळ्यात ओल हवी. तुमच्या बाल्कनीला तो अगदी जुळेल, आणि सासूबाईंनाही चालेल, कारण त्याला बोचणारे काटे नाहीत आणि त्याच्या फुलाची आपल्याकडे पूजा होते.

सासूबाईंशी वाद घालू नका, असं मनापासून सांगते. ज्या पिढीने शेराचा चीक डोळ्यात गेलेली पोरं पाहिली, तिने काटेरी, चिकाचं झाड उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितलं तर त्यात अनुभव आहे. कुंपणाला शेर, बांधाला घायपात, अंगणात कोरफड: त्यांच्या काळी प्रत्येकाची जागा ठरलेली होती. घायपाताचा वाख काढून दोर वळायचे, तेही त्यांनी पाहिलं असेल. शिवनेरीला गेलात तर त्यांना शिंदळ माकुडीची गोष्ट सांगा. जुन्नरजवळच्या कड्यांवर वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने एकोणिसाव्या शतकात नोंदवलेलं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलेलं हे सक्युलंट, चांदणीच्या आकाराचं गडद लाल फूल येणारं, साऱ्या जगात फक्त महाराष्ट्रातच आपणहून उगवतं. कड्यावरून उपटून मात्र आणू नका, आधीच दुर्मीळ आहे. काडीपासून सहज लागतं, ज्यांनी वाढवलं आहे त्यांच्याकडून मागून घ्या.

उरलेल्या दोनपैकी कोरफड ठीक दिसते. त्या तीन धारांच्या युफोर्बियाचं बूड मात्र फोटोत तपकिरी वाटतंय. दाबून मऊ लागलं तर हातमोजे आणि चष्मा घालून, मूल झोपलेलं असताना, स्वच्छ सुरीने कुजक्याच्या चार बोटं वर कापा. छेदाच्या मध्यात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, पूर्ण पांढरट-हिरवं दिसेपर्यंत. चीक पाण्याच्या फवाऱ्याने थांबवा, छेदाला बुरशीनाशक लावा आणि तुकडा दोन आठवडे सावलीत उभा वाळवा. मग कोरड्या मुरमात टेकवून ठेवा, मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. सुरी साबणाने दोनदा धुऊन वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका. आणि ते बूड टणक निघालं, काहीच कापावं लागलं नाही, तरी ती कुंडी आजच जमिनीवरून उचला. फोटोत तिच्या शेजारी तुमच्या मुलाची तीनचाकी सायकल दिसते आहे.